व्हिटॅमिन सीची रक्त तपासणी: सॅम्पल वाया जाऊ नये म्हणून काय करावं, कोणत्या क्रमाने करावं

व्हिटॅमिन सीचं सॅम्पल सीबीसीसारखं काढलं, रॅकमध्ये उभं करून ठेवलं आणि दुपारच्या फेरीत लॅबला पाठवलं, तर रिपोर्टमध्ये आकडा कमी येतो. रुग्णाच्या रक्तात व्हिटॅमिन सी पुरेसं असलं तरी कमीच येतो. रक्त शिरेबाहेर आल्या क्षणापासून हे व्हिटॅमिन नष्ट होऊ लागतं. हवेतला ऑक्सिजन, उजेड, उष्णता आणि फुटलेल्या लाल पेशींतून बाहेर आलेलं लोह ही त्याची कारणं. आधी त्याचं डिहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल बनतं. तिथपर्यंत ते परत मूळ रूपात आणता येतं. त्यापुढे विघटन झालं की ते कायमचं गेलं. यंत्र कितीही महागडं असो, ते फक्त उरलेलंच मोजतं.

म्हणून या तपासणीतलं खरं काम सुई टोचण्याआधी आणि टोचल्यानंतरच्या पहिल्या तासात असतं. वॉर्डमधल्या परिचारिका, रक्त काढणारे तंत्रज्ञ आणि छोट्या लॅबमध्ये प्लाझ्मा (पेशी वगळल्यावर उरणारा रक्तातला द्रव) वेगळा करून मोठ्या लॅबला पाठवणारे, या तिघांसाठी हा क्रम दिला आहे. तुमच्या लॅबची लेखी सूचना यापेक्षा वेगळी असेल, तर लॅबचंच ऐका. पद्धतीनुसार ट्यूब आणि तापमान बदलतं.

## १. तपासणी कशासाठी आहे ते आधी विचारा

कमतरतेचा संशय आहे, की डायलिसिसवरच्या किंवा शिरेतून पोषण घेणाऱ्या रुग्णाची पातळी बघायची आहे, की उपचारांचा परिणाम तपासायचा आहे? सॅम्पलची वेळ यावर ठरते.

कमतरतेचा संशय असेल तर सॅम्पल पहिल्या डोसच्या आधीच काढायला हवं. प्लाझ्मामधली पातळी अलीकडच्या काही दिवसांचं खाणं दाखवते, शरीरातला साठा नाही. एक गोळी किंवा ग्लासभर संत्र्याचा रस घेतला तरी काही तासांत आकडा वर जातो. ऊतींमधला साठा तोवर रिकामाच असतो. मग रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो, हिरड्यांतून मात्र रक्त येतच राहतं. पांढऱ्या पेशींमधली पातळी साठ्याबद्दल जास्त खरं सांगते, पण त्या चाचणीला रक्त जास्त लागतं, काम किचकट आहे आणि थोड्याच लॅब ती करतात.

दुसरी गोष्ट सूज आणि संसर्गाची. न्यूमोनिया, मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, सेप्सिस अशा वेळी प्लाझ्मामधलं व्हिटॅमिन सी झपाट्याने खाली येतं. त्यामुळे त्याच वेळी सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्त तपासणी) पाठवायला डॉक्टरांना सुचवा. तपासणी तातडीची नसेल, तर आजाराचा जोर ओसरल्यावर केलेली बरी.

इशारा: स्कर्व्हीची, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या तीव्र कमतरतेने होणाऱ्या आजाराची, लक्षणं स्पष्ट असतील तर उपचार रिपोर्टसाठी अडवू नयेत. रिपोर्टला अनेकदा काही दिवस लागतात. सॅम्पल काढा, बर्फात ठेवा आणि डॉक्टरांच्या आदेशाप्रमाणे पहिला डोस लगेच द्या.

## २. लॅबला फोन करा, सुई नंतर

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते आणि सर्वांत जास्त सॅम्पल इथेच वाया जातात. पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या:

- ट्यूब कोणती? बहुतेक ठिकाणी हिरव्या झाकणाची, लिथियम हेपॅरिनची मागतात; काही लॅब ईडीटीए (दोन्ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी रसायनं) किंवा सीरमही (गुठळी झाल्यावर उरणारा द्रव) घेतात.
- आम्ल मिसळायचं आहे का? असेल तर कोणतं, किती, आणि ते लॅब पुरवणार का?
- बर्फातलं अख्खं रक्त चालेल, की वेगळा करून गोठवलेला प्लाझ्माच हवा?
- प्लाझ्मा कमीत कमी किती मिलिलिटर लागेल?
- सॅम्पल कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत स्वीकारतात?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, तसा तो नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी पाठवलेलं पार्सल वाटेत पडून राहतं, कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उडून जातो आणि सॅम्पल वितळलेल्या अवस्थेत पोहोचतं.

## ३. रुग्णाची तयारी

रात्रभराचा, म्हणजे ८ ते १२ तासांचा उपास हवा. साधं पाणी चालतं. तान्ह्या बाळाला उपाशी ठेवायचं नसतं. पुढचं दूध देण्याच्या अगदी आधी सॅम्पल काढावं. मधुमेही रुग्ण असेल तर सकाळच्या इन्सुलिनचं किंवा गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

‘तुम्ही व्हिटॅमिनची गोळी घेता का?’ एवढंच विचारलं तर बरेच जण ‘नाही’ म्हणतात. पाण्यात विरघळणारी फसफसती गोळी, मल्टिव्हिटॅमिन, घशासाठी चघळायच्या गोळ्या, जास्तीचं व्हिटॅमिन सी घातलेली पेयं, नळीतून दिला जाणारा तयार आहार, सलाईनमधून जाणारं मल्टिव्हिटॅमिन असं एकेक नाव घेऊन विचारा. डॉक्टरांची संमती असेल तर पूरक गोळ्या २४ तास आधी थांबवाव्यात. शिरेतून चालू असलेलं पोषण मात्र तपासणीसाठी स्वतःहून बंद करू नका. दिवसाचं मल्टिव्हिटॅमिन त्यात मिसळण्याआधीची वेळ निवडा. दुसऱ्या हातातून सॅम्पल काढून हा प्रश्न सुटत नाही, कारण चढलेलं व्हिटॅमिन सगळ्या रक्तात फिरतं.

डायलिसिसच्या रुग्णाचं सॅम्पल डायलिसिस सुरू होण्याआधी घ्या. हे व्हिटॅमिन पाण्यात विरघळणारं असल्यामुळे डायलिसिसमध्ये बऱ्याच प्रमाणात निघून जातं. नंतर काढलेला आकडा खाली दिसतोच.

मागणीपत्रावर हे लिहा: शेवटचं खाणं किती वाजता, शेवटची व्हिटॅमिनची मात्रा कधी आणि किती, धूम्रपान, डायलिसिस, ताप किंवा संसर्ग, सीआरपी. धूम्रपान करणाऱ्यांत व्हिटॅमिन सी जास्त वेगाने खर्च होतं, म्हणून ती नोंद रिपोर्ट वाचणाऱ्याला उपयोगी पडते.

## ४. सामान आधी मांडा

रक्त काढल्यावर बर्फ शोधायला जाणं ही या तपासणीतली नेहमीची चूक. पलंगाजवळ जाण्यापूर्वी हे सगळं ट्रेमध्ये हवं:

- लॅबने सांगितलेली ट्यूब आणि एक जादा ट्यूब
- थर्मासमध्ये किंवा डब्यात चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी
- अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे कापून ठेवलेले तुकडे
- दोन लेबलं: एक ट्यूबवर, एक फॉइलवर
- २१ गेजची सुई, नाजूक शिरेसाठी २३ गेजची बटरफ्लाय
- टर्निकेट, ७० टक्के अल्कोहोलचा स्वॅब, कापूस, चिकटपट्टी
- घड्याळ आणि पेन

नुसते बर्फाचे खडे वापरले तर ट्यूबला एकदोन ठिकाणीच गारवा लागतो. पाणीमिश्रित चुऱ्यात ती सगळीकडून सारखी थंड होते. ट्यूब कोरड्या बर्फावर किंवा फ्रीजरमध्ये ठेवू नका. अख्खं रक्त गोठलं की लाल पेशी फुटतात आणि सॅम्पल संपतं.

तपासून बघा: सेंट्रिफ्यूज (ट्यूब वेगाने फिरवून प्लाझ्मा वेगळा करणारं यंत्र) मोकळं आहे का आणि थंड करून ठेवलं आहे का, हे लॅबला आत्ताच विचारा. १० मिनिटांनी विचारून उपयोग नाही.

## ५. रक्त काढणं

रुग्णाचं नाव आणि ओळख क्रमांक पडताळा. अल्कोहोल पूर्ण वाळू द्या, साधारण ३० सेकंद. ओल्या कातडीवर टोचलं तर झोंबतं आणि पेशीही फुटतात. टर्निकेट एका मिनिटापेक्षा जास्त नको. कमतरता असलेल्या रुग्णाच्या केशवाहिन्या नाजूक असतात, टर्निकेटच्या दाबानेही लाल ठिपके उठतात. बाहीवरून किंवा पातळ कापडावरून बांधा आणि रक्त येऊ लागताच सोडा.

एकाच वेळी बऱ्याच ट्यूब भरायच्या असतील तर नेहमीचा क्रम पाळा: ब्लड कल्चर, सायट्रेट, सीरम, हेपॅरिन, ईडीटीए, फ्लोराइड. हेपॅरिनची ट्यूब पूर्ण भरा, म्हणजे वर हवा कमी राहते. मग हलक्या हाताने ८ ते १० वेळा उलटी-सुलटी करा. जोरात हलवू नका. सिरिंजने काढलं असेल तर दट्ट्या दाबून रक्त ट्यूबमध्ये ढकलू नका. लहान मुलाचं बोट पिळून रक्त काढणंही टाळा. या तिन्हींत पेशी फुटतात आणि बाहेर आलेलं लोह उरलंसुरलं व्हिटॅमिन सी संपवतं.

याच ट्यूबवर पोटॅशियमची मागणी जोडू नका. बर्फात ठेवलेल्या रक्तात पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा खोटाच जास्त येतो. इलेक्ट्रोलाइटसाठी वेगळी ट्यूब, बर्फाशिवाय.

सुई काढल्यावर निदान ५ मिनिटं दाबून धरा. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा अंगावर काळेनिळे डाग असतील तर १० मिनिटं. रुग्णाला कोपर दुमडून बसायला सांगू नका, जागा काळीनिळी पडते.

## ६. बर्फ, फॉइल, वेळ

ट्यूबला लेबल, त्यावर फॉइल, फॉइलवर दुसरं लेबल आणि लगेच बर्फात. दुसरं लेबल नसेल तर लॅबमध्ये नाव वाचण्यासाठी फॉइल उघडलं जातं आणि सॅम्पल ट्यूबलाइटखाली राहतं.

रक्त काढल्याची वेळ लिहा. ‘सकाळी’ असं नको, तास आणि मिनिट लिहा. लॅबला हाताने पोहोचवा. हवेच्या दाबाने ट्यूब ढकलणारी यंत्रणा असेल तर ती इथे टाळलेली चांगली. त्या धक्क्यांनी पेशी फुटू शकतात.

तपासून बघा: ट्यूब हातातून देताना तिथल्या माणसाला ‘व्हिटॅमिन सी आहे, आत्ताच फिरवायचं आहे’ असं तोंडी सांगा. नुसतं काउंटरवर ठेवून परत फिरू नका.

## ७. प्लाझ्मा वेगळा करणं

रक्त काढल्यापासून एका तासाच्या आत प्लाझ्मा वेगळा व्हावा असा प्रयत्न ठेवा. ४ अंश सेल्सिअसला, १५०० ते २००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट) वेगाने १० मिनिटं फिरवा. फिरवल्यावर प्लाझ्मा गुलाबी किंवा लाल दिसला तर तिथेच थांबा आणि नवीन सॅम्पल मागवा. ‘थोडंसंच लाल आहे’ म्हणून पाठवू नका. त्या आकड्यावर कुणालाच निर्णय घेता येत नाही.

पिपेटने वरचा प्लाझ्मा घेताना पांढऱ्या पेशींच्या पातळ थरापासून दूर राहा. थोडा प्लाझ्मा मागे सोडला तरी चालेल. त्या पेशींत व्हिटॅमिन सी प्लाझ्मापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. थर ओढला गेला की आकडा खोटा वाढतो.

आम्ल वापरायचं असेल तर रूढ पद्धत अशी: १० टक्के मेटाफॉस्फोरिक आम्ल आणि प्लाझ्मा समप्रमाणात, उदाहरणार्थ ०.५ मिलिलिटरला ०.५ मिलिलिटर. लगेच नीट मिसळा. प्रथिनं पांढरी होऊन खाली बसतात, द्रव आम्लधर्मी होतो आणि व्हिटॅमिन टिकतं. द्रावण ताजं हवं. ते फ्रीजमध्येसुद्धा हळूहळू साध्या फॉस्फोरिक आम्लात बदलतं, म्हणून बाटलीवर बनवल्याची तारीख नसेल तर वापरू नका. हातमोजे आणि चष्मा घाला.

इशारा: आम्ल समप्रमाणात मिसळलं की प्लाझ्मा दुप्पट पातळ होतो. हे ट्यूबवर लिहिलं नाही आणि लॅबने हिशेबात धरलं नाही, तर रिपोर्ट बरोबर अर्धा येतो.

मग तपकिरी किंवा फॉइलमध्ये गुंडाळलेल्या छोट्या ट्यूबमध्ये भरून उणे ७० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. उणे २० अंशांत, तेही आम्लाशिवाय ठेवलेल्या प्लाझ्मात ऱ्हास चालूच राहतो. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर तर मुळीच नको. पाठवताना भरपूर कोरडा बर्फ भरा, डबा हवाबंद करू नका, कारण कोरड्या बर्फाचा वायू साठून डबा फुटू शकतो. एकदा वितळलेलं सॅम्पल पुन्हा गोठवून पाठवू नका.

## ८. रिपोर्ट वाचताना

आधी एकक बघा. १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे ५७ मायक्रोमोल प्रति लिटर. सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या मर्यादा अशा:

- ०.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा, म्हणजे ११ मायक्रोमोलपेक्षा कमी: कमतरता
- ०.२ ते ०.४, म्हणजे ११ ते २३ मायक्रोमोल: काठावरची पातळी
- ०.४ ते २.०: बहुतेक लॅबची सामान्य मर्यादा

सॅम्पल हाताळण्यातल्या जवळजवळ सगळ्या चुका आकडा खाली नेतात. वर नेणारी कारणं दोनच: नुकती घेतलेली मात्रा आणि पांढऱ्या पेशींची भेसळ. त्यामुळे आकडा कमी आला की आधी वेळांची नोंद तपासा. काढलं कधी, फिरवलं कधी, गोठवलं कधी? मधला वेळ दोन-तीन तासांचा आणि बर्फाची नोंद नाही, असं दिसलं तर आकड्यावर विसंबू नका. एकाच वॉर्डातून लागोपाठ सगळे रिपोर्ट शून्याजवळ येत असतील, तर तिथली हाताळणी तपासा.

सीआरपी वाढलेला असताना आलेला कमी आकडा एकट्याने कमतरता सिद्ध करत नाही. पण आहार, लक्षणं आणि आकडा तिन्ही जुळत असतील तर डॉक्टर उपचार करतातच. स्कर्व्हीत प्लेटलेट आणि आयएनआर (रक्ताची गुठळी व्हायला लागणाऱ्या वेळेचं माप) सहसा सामान्य असतात. ते बिघडलेले असतील तर रक्तस्रावाचं दुसरं कारणही शोधायला हवं.

## ९. शुश्रूषा

काय बघायचं: दर शिफ्टला चांगल्या उजेडात पाय, मांड्या आणि हिरड्या बघा. केसांच्या मुळाशी लाल ठिपके, स्क्रूसारखे वळलेले केस, खडबडीत कातडी, सुजलेल्या जांभळट हिरड्या, न भरणारी जखम. दात नसलेल्या माणसाच्या हिरड्या फारशा सुजत नाहीत, त्यामुळे हिरड्या ठीक म्हणून निर्धास्त राहू नका. चालणारं मूल अचानक पाय टाकेनासं झालं किंवा उचलताच रडू लागलं, तर हाडाच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेला असू शकतो. डॉक्टरांना लगेच सांगा. काळ्यानिळ्या डागाच्या कडा पेनाने आखून वेळ लिहिली की तो वाढतो की ओसरतो हे पुढच्या शिफ्टला कळतं.

तोंड: मऊ ब्रश, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. खूप गरम, तिखट आणि टणक अन्न टाळा. संत्र्या-लिंबाचा रस दुखऱ्या हिरड्यांना झोंबतो आणि मग रुग्ण खाणंच सोडतो. पहिले काही दिवस गोळी किंवा सिरप, सोबत पातळ केलेला रस स्ट्रॉने, आणि हिरड्या शांत झाल्या की फळं हा क्रम रुग्णाला सोसतो.

अंग आणि हालचाल: स्नायूत इंजेक्शन शक्यतो टाळा. रक्तदाबाचा पट्टा गरजेपेक्षा जास्त वेळा फुगवू नका. कूस बदलताना दोघांनी धरा, सांधा ओढू नका. पाय दुखत असतात, तोल जातो; पलंगाचा कठडा वर ठेवा आणि बाथरूमला एकटं पाठवू नका.

आहार: हे व्हिटॅमिन उकळलेल्या पाण्यात उतरतं आणि उष्णतेने कमी होतं. कच्ची फळं, कच्ची ढोबळी मिरची, थोडा वेळ वाफवलेल्या भाज्या द्या, कापल्यावर लगेच. मध्यम आकाराच्या एका संत्र्यातून सुमारे ७० मिलिग्रॅम मिळतं. रुग्ण फार दिवस जवळजवळ उपाशी असेल तर आहार एकदम वाढवू नका. फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवा. अशा रुग्णात एकाच व्हिटॅमिनची उणीव सहसा नसते. लोह, फोलेट, बी१२ यांचीही चौकशी करा.

## १०. डोस सुरू झाल्यावर

कमतरतेसाठी प्रौढांना साधारण ३०० ते १००० मिलिग्रॅम आणि मुलांना १०० ते ३०० मिलिग्रॅम रोज दिलं जातं. नेमकी मात्रा डॉक्टर ठरवतात. दिवसातून विभागून दिलेलं चांगलं, कारण मात्रा १ ग्रॅमच्या वर गेली की निम्म्याहून कमी शोषलं जातं आणि पोट बिघडतं. थकवा आणि दुखणं बहुधा पहिल्या काही दिवसांतच कमी होतं, डागांना एक-दोन आठवडे लागतात, पूर्ण बरं व्हायला तीन महिन्यांपर्यंत. आठवडाभरात काहीच फरक नसेल तर डोस खरंच पोटात जातो आहे का ते बघा आणि निदानाचा फेरविचार करायला सांगा.

शिरेतून मोठे, ग्रॅममध्ये मोजले जाणारे डोस द्यायचे असतील तर आधी जी६पीडी (लाल पेशींचं रक्षण करणारं एन्झाइम), किडनीचं काम, मूतखड्याचा आणि शरीरात लोह साठण्याचा इतिहास तपासलेला असावा. जी६पीडी कमी असेल तर लाल पेशी फुटू शकतात, आणि कमकुवत किडनीत ऑक्झलेट (व्हिटॅमिन सीपासून बनणारा, मूतखडा करणारा पदार्थ) साठतं.

इशारा, हा जीवावर बेतू शकतो: मोठ्या डोसवर असलेल्या रुग्णात अनेक ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात, कारण पट्टीवर व्हिटॅमिन सीचीही प्रतिक्रिया होते. त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर साखर धोकादायक खाली जाते. अशा रुग्णाची साखर लॅबमधून, हेक्झोकायनेज पद्धतीने तपासा आणि पलंगावर तशी पाटी लावा. लघवीच्या पट्टीवर ग्लुकोज, रक्त आणि नायट्राइट खोटे निगेटिव्ह येऊ शकतात. लॅबच्या काही पद्धतींत क्रिएटिनिन, युरिक आम्ल आणि कोलेस्टेरॉल खोटं कमी येतं. मागणीपत्रावर डोस लिहा.

पुन्हा तपासणी सांगितली असेल तर पहिल्या वेळेसारखाच उपास, तीच ट्यूब, तीच लॅब आणि शेवटच्या डोसपासून लॅबने सांगितलेलं अंतर ठेवा. त्या दिवशी सकाळचा डोस सॅम्पल निघाल्यावर द्यायचा, हे आदल्या रात्रीच्या शिफ्टला लिहून द्या.